छायाचित्र क्रमांक सात

“तुम्ही नाही आलात तरी चालेल,” बायको म्हणाली आणि ओट्यावरचं फडकं पिळायला लागली.

संसारात हे वाक्य हजारदा येतं आणि कुणाचं काही न बिघडवता निघून जातं. भाजी आणायला, बँकेत रांगेत उभं राहायला, मावशीच्या घरी हजेरी लावायला नवरा नाही आला तरी चालतंच. बऱ्याच ठिकाणी तो न आलेलाच बरा असतो. पण इथे मामला वेगळा होता. ती गावाचं पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. इतकी वर्षं बाटल्या आणि काचनळ्यांत डोळे घातल्यावर आता कुठे तिला विभागप्रमुख केलं होतं. प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, आणि त्याच कार्यक्रमात तिच्या विभागाची किल्ली सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली जाणार होती. सगळ्यांच्या घरची माणसं येणार होती. आणि हिच्या घरचं माणूस म्हणजे एकुलता एक नवरा, तो नाही आला तरी चालणार होतं.

नवरा म्हणजे आपले पाहणीसाहेब. हे नाव त्यांना गॅरेजवाल्यांनी दिलं होतं. साहेब विमा कंपनीत होते. ठोकलेली गाडी गॅरेजात आली की हे जायचे, गाडीभोवती एक सावकाश फेरी मारायचे, बोटाच्या पेराने पत्रा वाजवून बघायचे आणि निकाल द्यायचे: दुरुस्त करा, नाहीतर भंगारात घाला. पत्र्यावर पुट्टी भरून वरून रंग मारला असेल तर आवाज बद्द येतो, आणि तो आवाज साहेबांना भर बाजारातही ऐकू यायचा. “माणूस खोटं बोलेल, पत्रा बोलणार नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकवल्याशिवाय ते कुणाच्या घरून चहा पिऊन उठत नसत. आपल्या आयुष्यात कुठे पुट्टी नाही याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

आता अशा माणसाला ‘नाही आलात तरी चालेल’ म्हटल्यावर तो गप्प बसणार कसा? त्यांनी कारणाची पाहणी सुरू केली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत निष्कर्षावर आले. मागच्या आठवड्यात ते बायकोला घ्यायला प्रयोगशाळेच्या दारात गेले होते. रखवालदार नवीन होता. त्याने साहेबांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. पायांपर्यंत जायची गरजच नव्हती, त्याचं काम डोक्यातच झालं होतं. मग तो आत तोंड करून ओरडला, “मॅडम, तुमचे वडील आलेत!” बायको बाहेर आली ती हसतच. रस्ताभर हसली. त्या वेळी साहेबही हसले होते, कारण तसं करायची पद्धत आहे. पण आता सगळे तुकडे जुळले. आधी रखवालदार, मग हसू, मग ‘नाही आलात तरी चालेल’. तिला आपली लाज वाटते. सगळ्यांसमोर हे टक्कल शेजारी घेऊन उभं राहायला नको वाटतं. जेवताना त्यांनी दोनदा तिच्याकडे बघितलं. ती आपली निवांत जेवत होती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते केस लावून देणाऱ्या दवाखान्यात जाऊन बसले.

तिथे डॉक्टरांच्या आधी एक सल्लागार बाई भेटतात. या बाईंनी चित्रांचं पुस्तक उघडलं. डावीकडे टकलू आणि उदास माणूस, उजवीकडे तोच माणूस केसाळ आणि हसरा.

“डावीकडे उजेड वरून घेतलाय,” साहेब म्हणाले, “उजवीकडे समोरून. ही पाहणी झाली नाही. आणि हा इकडे इतका रडवेला का? त्याला काही लागलंय का?”

“केस नव्हते ना सर,” बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांना असली माणसं रोज भेटत असावीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस सहसा गळत नाहीत. ते मुळासकट एकेक करून काढायचे आणि पुढे लावायचे. साहेबांनी विचारलं, म्हणजे नवीन माल नाही? बाई म्हणाल्या, नाही सर, तुमचाच. साहेब म्हणाले, म्हणजे स्टेपनी काढून पुढे बसवायची. बाई म्हणाल्या, तसं समजा. मागचा साठा संपला तर काय, या प्रश्नावर मात्र बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “म्हणूनच निर्णय लवकर घ्यावा लागतो, सर.” या उत्तराचा आणि प्रश्नाचा काय संबंध, हे साहेबांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

पूर्ण दिवस मोकळा लागेल, सोबत घरचं कुणीतरी हवं, आणि आठवडाभरात डोक्याचे फोटो पाठवा, असं सांगून बाईंनी वही चाळली. पहिली मोकळी तारीख निघाली ती नेमकी उद्घाटनाची.

“चालेल,” साहेब म्हणाले. “त्या दिवशी मला कुणी कुठे बोलावलेलं नाही.”

पण नाव घातलं म्हणजे निर्णय झाला असं नव्हे. करावं की करू नये, हे खूळ त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. एका गॅरेजातल्या रंगाऱ्याने वर्षभरापूर्वी केस लावून घेतलेत, हे त्यांना ठाऊक होतं. ते तिथे गेले, त्याला उन्हात उभं केलं आणि त्याच्याभोवती सावकाश फेरी मारली. मग म्हणाले, “जरा वाक.” जोड कुठे दिसतोय का हे त्यांनी वरून, बाजूने आणि डोळे बारीक करून पाहिलं, आणि शेवटी न राहवून एक केस ओढला.

“आई गं! अहो साहेब, पक्के आहेत!” रंगारी ओरडला. गॅरेजातली सगळी हत्यारं थांबली.

रंगाऱ्याची हकीकत साहेबांना धीर द्यायला पुरेशी होती आणि घाबरवायलाही. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत सगळे गळून पडले म्हणे. ‘फसलात’ म्हणत बायकोने अबोला धरला. मग कित्येक महिन्यांनी हळूहळू उगवले. “पण साहेब, औषध बंद केलं ना, ते चुकलं,” तो म्हणाला आणि डोक्यावर मागे सरकवलेली टोपी पूर्ण काढली. पुढे दाट झुडूप, मागे डोक्याच्या कडेचा पट्टा आणि दोहोंच्या मध्ये नवीनच रिकामं मैदान तयार झालं होतं. लावलेले राहिले होते आणि जवळचे जुने निघून गेले होते. “आता परत मागचे काढायचे म्हणतात. मागे आहेत किती?”

“मग पस्तावलास?” साहेबांनी विचारलं.

“छे! समोरून बघा ना,” रंगारी म्हणाला. “लोक समोरूनच बोलतात की.”

या उत्तराने साहेबांचा गोंधळ दुप्पट झाला. आता उरला एकच खात्रीचा मार्ग, तो म्हणजे स्वतःची रीतसर पाहणी. फोटोशिवाय निकाल द्यायचा नाही हा त्यांचा शिरस्ता. त्या संध्याकाळी बायको बाहेर गेल्याची संधी साधून ते न्हाणीघरात शिरले, नुकसान किती रुंद आहे ते कळावं म्हणून डोक्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि हात उंच करून फोटो काढला. खरं तर चारही बाजूंनी काढायचे होते. पण पहिल्याच फोटोला घाम सुटला, पट्टी घसरून नाकावर आली, तेव्हा एकावरच भागवलं. फोटो बघून त्यांचं मन आणखीच खचलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फोटो काढला तो कंपनीच्या फोनने. या फोनने काढलेला प्रत्येक फोटो आपोआप उघड्या असलेल्या फाइलीत जमा व्हायचा, आणि एकदा जमा झाला की ब्रह्मदेव आला तरी तो काढता यायचा नाही. पाहणीवाल्यांनी मागाहून फोटोंची अदलाबदल करू नये म्हणून तसा नियम होता. तो नियम असावा अशी सूचना भर बैठकीत उभं राहून कुणी केली होती, हे आता वेगळं सांगायला नको. त्या दिवशी उघडी फाइल होती एका बेकरीवाल्याच्या व्हॅनची. व्हॅन समोरून ठोकलेली. व्हॅनचे फोटो सहा. सातवा साहेबांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या कार्यालयातून शेरा आला. तिथे एक छाननीबाई होत्या. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या शेऱ्यांना सगळे चळाचळा कापत.

“छायाचित्र क्रमांक सात: वाहनाचा कोणता भाग ते नमूद नाही. पृष्ठभाग गोलाकार व गुळगुळीत. कडेला थोडं अस्तर शिल्लक. झीज अनेक वर्षांची दिसते, अपघाताशी संबंध जुळत नाही. खुलासा करावा.”

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी तो शेरा पुन्हा वाचला. प्रामाणिकपणे सांगायचं तर पाहणी उत्तम होती, त्यांनी स्वतः केली असती तर याहून चांगली झाली नसती. आता एक ओळ लिहायची होती: ‘चुकून आलं, ते माझं डोकं आहे.’ एवढंच. पण ही ओळ संध्याकाळपर्यंत सगळ्या शाखांत फिरली असती, त्यावर चहा प्यायला गेला असता, आणि उरलेली नोकरी त्यांना त्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली काढावी लागली असती. बोटं फोनवर तशीच राहिली. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, या माणसाने पुट्टी भरली. त्यांनी लिहिलं, “मागील छत. विचारात न घेतल्यास हरकत नाही.”

खोटं बोलायचंही एक शिक्षण असतं. ते वेळच्या वेळी घेतलेलं नसलं की माणूस असा तोंडघशी पडतो. तासाभरात उत्तर आलं.

“वाहनाचं छत पांढरं आहे. सदर छत गव्हाळ आहे. शिवाय छताला कानासारखा भाग दिसतो. दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरपाहणी व्हावी. तोवर फाइल थांबवण्यात येत आहे.”

फाइल थांबली म्हणजे व्हॅनची दुरुस्ती थांबली, आणि व्हॅन थांबली म्हणजे बेकरीवाला थांबला. पण तो थांबणारा माणूस नव्हता. तो साहेबांच्या घरी येऊन बसला.

“साहेब, छताचं काय काढलंत मध्येच?” तो म्हणाला. “गाडी पुढून ठोकलीय. छताला ओरखडासुद्धा नाही. मी रोज सायकलवरून माल पोचवतोय, पाव निम्मे चेपून जातात. गिऱ्हाईकं म्हणतात, चपटे पाव काढलेत का नवीन?”

“तांत्रिक बाब आहे,” साहेब म्हणाले. आत बायको होती, म्हणून हळू म्हणाले.

बेकरीवाल्याने बराच विचार केला. माणूस स्वभावाने मदतीला धावणारा होता. तो पुढे झुकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अडचण अशी आहे का, की तुम्ही छत लिहून बसलात आणि छताला काही झालेलं नाही? तर मग एवढं काय त्यात. हातोडा आहे घरी. मारतो दोन ठोके.”

साहेब उभेच राहिले. आयुष्यभर असले हातोडे त्यांनी पकडले होते. “खबरदार!” ते ओरडले. “हात लावायचा नाही छताला!”

“काय झालं हो?” आतून बायको.

“काही नाही!” दोघंही एका सुरात म्हणाले, आणि साहेबांच्या लक्षात आलं की आपण आता एका कटात आहोत.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. फेरपाहणीची तारीखही नेमकी उद्घाटनाच्याच दिवशी पडली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. फोन वाजला की ते तो उशीखाली सरकवायचे. बायको दिसली की स्वतः पेपराआड सरकायचे. तिला सगळं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगायचं काय? की तुला माझी लाज वाटते म्हणून मी असं असं केलं? आणि ती ‘हो, वाटते’ म्हणाली तर? तिथे त्यांचं धैर्य संपायचं. उलट केस लावून, वर्षभराने का होईना, तिच्या शेजारी उभं राहावं, हेच सोपं वाटायचं.

सोबत घरचं माणूस हवं होतं. बायको सोडून घरात दुसरं कुणी नाही, म्हणून साहेब शेजारच्या काकांकडे गेले. काकांनी हयातभर औषधांचं दुकान चालवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

“अरे, कशाला या भानगडीत पडतोस?” काका म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. टोपी घाल. मी इतकी वर्षं केसांची तेलं विकली, त्यातलं एक तरी मी लावलं का विचार.”

“मग लोकांना विकलीत कशाला?”

“लोकांनी मागितलं म्हणून. मी कधी सांगितलं का की येतील म्हणून? मी म्हणायचो, लावून बघा.” काकांनी आवाज खाली आणला. “तुझ्या बायकोला माहीत आहे?”

“नाही. आणि कळता कामा नये.”

“माझ्या तोंडून? शक्यच नाही,” काका म्हणाले. काकांच्या पोटात गोष्ट किती वेळ राहते हे सगळ्या आळीला माहीत होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. साहेबांनी विश्वास ठेवला.

तो दिवस उजाडला. साहेबांनी बाहेरगावच्या पाहणीला जातो असं सांगितलं. त्यांना वाटत होतं, आत्ता ती म्हणेल, ‘आजच? आज नका जाऊ.’ बुटाची नाडी त्यांनी दोनदा सोडून दोनदा बांधली. ती म्हणाली, “बरं. मला संध्याकाळी उशीर होईल, जेवून घ्या.” साहेब जिना उतरले तेव्हा त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

दवाखान्यात त्यांना हिरवा अंगरखा चढवून खुर्चीवर आडवं केलं. डॉक्टर कमी बोलणारे निघाले. त्यांनी पक्क्या निळ्या शाईच्या पेनाने साहेबांच्या कपाळावर एक वळणदार रेघ मारली. केस कुठून सुरू व्हायचे ती ही रेघ. आरसा दाखवला. साहेबांना आपल्या कपाळावर एखाद्या अनोळखी तरुणाची सरहद्द दिसली.

“एकदा स्पष्ट सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “तुमचे केस अजून जातायत. पुढचे लावले तर ते टिकतील, पण मधले सांभाळायला औषध चालू ठेवावं लागेल. मागचा साठा तुमचा बेताचा आहे, आणि एकदा काढलेला तिथे परत उगवत नाही. आत्ताच्यापेक्षा बरं दिसेल. कॉलेजातल्यासारखं दिसणार नाही. एवढ्यात समाधान असेल तर करू.”

“तुमच्या मते करण्यासारखं आहे का?”

“कशासाठी करताय त्यावर आहे,” डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे घालायला लागले. बाजूला नर्सने सुया मांडल्या. त्यांचा किणकिण आवाज साहेबांना फार जवळ ऐकू आला.

कशासाठी, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तोंडात ‘करा’ हा शब्द आलाही होता. इतक्यात फोन वाजला. पहिला काकांचा. “अरे, रक्त बघितलं की मला भोवळ येते, हे मी साफ विसरलो होतो. काळजी करू नकोस. दुसरं माणूस पाठवलंय.” कोण माणूस, हे विचारायच्या आत फोन बंद झाला. लगेच दुसरा आला. साहेबांचे हात अंगरख्यात अडकले होते, म्हणून नर्सने फोन मोठ्या आवाजावर टाकून त्यांच्या कानाजवळ धरला.

“छाननी विभाग,” एक कोरडा आवाज आला. खोलीतला वारासुद्धा थांबला असावा. “फेरपाहणीला आमचे अधिकारी व्हॅनजवळ उभे आहेत. छताला काहीही झालेलं नाही. पण एक गृहस्थ हातोडा घेऊन तिथे उभे आहेत आणि म्हणतायत, साहेब हो म्हणाले तर दोन मिनिटांचं काम आहे. हा काय प्रकार आहे?”

एका शब्दाने बेकरीवाला फसवणुकीत अडकत होता, आणि दुसऱ्याने साहेबांची आयुष्यभराची अब्रू जात होती. “मॅडम,” ते म्हणाले, “त्यांचा काही दोष नाही. त्यांना हातोडा खाली ठेवायला सांगा. क्रमांक सातचा भाग वाहनाचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

“माझा.”

“म्हणजे?”

“डोकं आहे. माझं. चुकून गेलं. आणि लाज वाटली म्हणून मी छत लिहिलं. खोटं लिहिलं.”

पलीकडून आवाज आला, जरा कमी कोरडा. “‘सदर छायाचित्र वाहनाशी संबंधित नाही’ एवढा शेरा मारते. व्हॅन मंजूर. खोट्या खुलाशाबद्दल तुम्हाला समज देण्यात येत आहे. आणि साहेब, हळूहळू झालेली झीज आपल्या विम्यात बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

फोन बंद झाला. नर्सने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. साहेबांनी मान वळवली. दारात त्यांची बायको उभी होती. ठेवणीतले कपडे, हातात पर्स, केस अर्धेच बांधलेले. काकांच्या तोंडून ऐकलं तशी धावत आलेली.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि “दहा मिनिटं घ्या” म्हणून सगळ्यांना बाहेर नेलं.

“सगळं ऐकलंस?” साहेबांनी विचारलं.

“छतापासून ऐकलं.” ती खुर्चीजवळ आली. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती, पण कपाळावरची रेघ बघितली आणि हसू गेलं. “अहो, हे काय आरंभलंय? कुणासाठी?”

“तुझ्यासाठी,” साहेब म्हणाले. एकदा खरं बोलायला लागलं की पुढचं सोपं जातं. “तुला माझी लाज वाटते. म्हणून मला येऊ नका म्हणालीस. रखवालदाराने वडील म्हटलं, तेव्हाच मला कळलं.”

“लाज? टकलाची?”

“मग कशाची?”

“अहो, प्रयोगशाळेच्या मागच्या जेवणाच्या वेळी आमच्या संचालकांनी नवी गाडी आणली होती. सगळ्यांना बाहेर नेऊन दाखवत होते. आठवतंय? आणि तुम्ही सगळ्यांसमोर दाराला बोट वाजवून म्हणालात, ‘ही एकदा उजवीकडून ठोकलेली आहे, आत पुट्टी आहे.’ त्यांच्या बायकोसमोर. त्यांच्या मुलांसमोर. तो माणूस पुन्हा जेवायला बसला नाही. आज मला किल्ली तेच देणार आहेत.”

साहेब क्षीण आवाजात म्हणाले, “पण ती ठोकलेलीच होती.”

“माहितेय! सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. म्हणून काय झालं? माणूस हौसेने नवी म्हणून दाखवतोय, तर नवी म्हणायचं. तेवढ्याने जगाचं काय बुडतं?”

बाहेर कुणीतरी ट्रे हलवत होतं. साहेब छताकडे बघत पडून राहिले. त्यांना तो माणूस आठवला, हातात गाडीची किल्ली घेऊन उभा असलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलेलं हसू. त्या वेळी त्यांनी ते बघितलं नव्हतं. ते पत्रा बघत होते. आता त्यांना स्वतःची लाज वाटली, केसांपेक्षा कितीतरी जास्त.

“मी केस लावले,” त्यांनी विचारलं, “तर तू काय म्हणशील?”

“छान दिसता म्हणेन.”

“आणि नाही लावले तर?”

“तर म्हणायला काही लागणारच नाही,” ती म्हणाली. “हे तुमचं डोकं मी रोज बघते. तुम्हाला हवे असतील तर लावा, मी बसते इथे, कार्यक्रमाला उशिरा जाईन. पण माझ्यासाठी नको.”

साहेबांनी थोडा वेळ विचार केला. मागचा साठा बेताचा होता. आणि कशासाठी, या डॉक्टरांच्या प्रश्नाला आता त्यांच्याजवळ उत्तर उरलं नव्हतं. ते उठून बसले आणि अंगरख्याच्या गाठी सोडायला लागले. सल्लागार बाईंनी दारातून तारीख पुढे ढकलू का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, लागली तर मीच येईन.

शाई मात्र पक्की होती. दवाखान्याच्या बेसिनवर बायकोने साबण लावून, रुमाल ओला करून, शेवटी नखाने खरवडून बघितलं. कपाळ लाल झालं आणि त्यावर रेघ आणखीच निळी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत जाईल. घड्याळ पुढे सरकत होतं.

“चला,” बायको म्हणाली.

“मी? असा?”

“असेच. फक्त गाडीबद्दल एक शब्द काढलात तर याद राखा.”

नव्या इमारतीच्या दालनात माणसं जमली होती. साहेब भिंतीला धरून उभे राहिले. येणारा जाणारा त्यांच्याकडे बघायचा, नजर कपाळावर अडखळायची आणि मग घाईने दुसरीकडे जायची. रखवालदाराने तर वाकून बघितलं. किल्ली देऊन झाली, टाळ्या झाल्या. बायकोच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की साहेबांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आणि मग गर्दीतून वाट काढत संचालक सरळ त्यांच्याच दिशेने आले.

आजूबाजूचे लोक सरकून जवळ आले. मागच्या जेवणाला हजर असलेले बरेच जण तिथे होते. आता काय होतंय ते त्यांना बघायचं होतं. संचालक समोर थांबले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग त्या निळ्या रेघेकडे, ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कुठे जाते तिकडे. तेवढा वेळ साहेबांना फार मोठा वाटला. आता हा माणूस काय वाटेल ते म्हणू शकत होता, आणि ते म्हणायचा त्याला हक्क होता. बायकोने मुठीतली किल्ली घट्ट धरली.

“या, या,” संचालक म्हणाले. “तब्येत छान दिसतेय तुमची.”

साहेबांना आभार मानायचे होते, माफी मागायची होती, पण इतक्या माणसांत ते कसं करायचं हे त्यांना येत नव्हतं. त्यांना एकच विषय येत होता.

“बाहेर तुमची गाडी बघितली,” ते म्हणाले. बायकोने डोळे मिटून घेतले. “फार छान ठेवलीय.”

संचालकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आधी गालांत, मग मोकळेपणी हसले, आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकदा ठोकलेली आहे हो,” ते म्हणाले. “पण पळते मस्त.”